मूठभर मका

नवरा गेला त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि ही गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटली नाही. असलं काही लोकांच्या नजरेतून कधी सुटत नाही. बाई रडली तर कांगावा करते म्हणायचं, नाही रडली तर दगडाच्या काळजाची म्हणायचं. दोन्हीकडून बोलायची सोय. ती मात्र कुणी पाणी दिलं तर पाणी पीत होती, कुणी ताट पुढे सरकवलं तर चार घास खात होती, आणि आलेल्यांच्या चपला-बूट दारात सरळ रांगेत लावून ठेवत होती. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

ती शिंप्याची मुलगी. लहानपण सगळं शिलाई मशीनच्या खडखडाटात गेलेलं. लग्नाआधी शेळीशी तिची ओळख होती ती खाटकाच्या दुकानापुरतीच. माळाच्या पायथ्याशी असलेल्या या पत्र्याच्या घरात ती पहिल्यांदा आली, त्याच दिवशी एका शेळीने तिच्या कपड्यांच्या बोचक्याचं टोक चावून गिळलं, आणि नवरा पोट धरधरून हसला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढे मात्र त्याच शेळ्यांवर तिचा असा जीव जडला की तो म्हणायचा, "माझं लग्न हिच्याशी झालंय, पण हिचं शेळ्यांशी." शिवणकामाला सरावलेली तिची बोटं बारीक होती. अडलेलं करडू ती आतल्या आत फिरवून सोडवायची. दूध चौकातल्या बेकरीवाल्याकडे जायचं. एक मुलगा झाला, शिकला, शहरात कुठल्याशा ऑफिसात लागला आणि तिथून फोनवर वडिलांना शेळीपालनाचे सल्ले देऊ लागला. वडील "हो हो, बरोबर" म्हणून फोन ठेवायचे आणि बायकोकडे बघून म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकतोय." पण तो काय म्हणाला ते वाटेत भेटेल त्याला सांगत सुटायचे.

मग एका दुपारी नवरा कळप घेऊन माळावरून परत आला, गोठ्याचं फाटक लावलं, पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. ती पाणी घेऊन येईपर्यंत तो गेलेला होता. झालं ते एवढंच.

घर माणसांनी भरलं. मुलगा शहरातून आला, नवऱ्याची धाकटी बहीण आली, शेजारपाजारचे आले. शेळ्या मात्र बांधलेल्याच राहिल्या. त्यांना माळावर कोण नेणार? ज्याने न्यायच्या तोच राहिला नव्हता, आणि ती खिडकीपाशी बसून होती. शेळ्यांना हे कोण समजावणार? त्या सकाळी ओरडायच्या, दुपारी ओरडायच्या, आणि घरात बसलेल्या माणसांच्या काळजाला घरं पडायची.

दुःखाच्या घरी माणसाच्या हाताला काम नसलं की तो खायला घालत सुटतो. माणसांना घालून झालं की जनावरांना घालतो. नणंदेने उरलेला पाव कुस्करून टाकला. शेजारणीने शिळ्या भाताचं पातेलं उपडं केलं. कुणी उकडलेले बटाटे, कुणी पिठाचा गोळा. प्रत्येकाला वाटायचं, बिचाऱ्यांकडे आपल्याशिवाय कुणाचं लक्ष नाही. जाता-येता जो तो शेळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि पुण्य केल्यासारखा घरात यायचा.

तिसऱ्या संध्याकाळी मुलगा गोठ्यात गेला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. गोठ्याच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम होता, त्यात मका. नवरा संध्याकाळी शेळ्या आत घेताना प्रत्येकीपुढे मूठभर मका धरायचा, म्हणजे त्या बिनबोभाट आत यायच्या. मुलगा लहान होता तेव्हा तो मान आपल्याला मिळावा म्हणून हट्ट करायचा. आता त्याने ड्रमचं झाकण काढलं, मूठ भरली आणि थोरलीपुढे धरली. थोरली म्हणजे कळपाची म्होरकी, काळी, एका कानाला चीर गेलेली. ती जाईल तिकडे बाकीच्या जायच्या. तिने मूठ चाटून पुसून साफ केली. मग तो पुन्हा वाकला, आणि मग मुठीऐवजी बादलीच घेतली. गव्हाणीत त्याने एक बादली ओतली, दुसरी ओतली. त्याचे खांदे हलत होते. तो रडत होता आणि ओतत होता.

ती बघत राहिली. इतका मका शेळीला विष आहे, हे तिला ठाऊक होतं. तिने काच सरकवून नुसतं "अरे" म्हटलं असतं तरी तो थांबला असता. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही, आणि थोड्या वेळाने तिने ते मिटलं. शेळ्या खाताना कडकड आवाज येत होता तेवढा तिने ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेळ्या मलूल पडल्या. पोटं टरारली, आंबूस वासाचं पातळ पडू लागलं. संध्याकाळी एक मेली, उजाडायच्या आत आणखी एक. थोरली भिंतीला टेकून पडली होती आणि दात करकर वाजवत होती. मुलाने धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं.

या बाई अंगाने गुबगुबीत आणि कायम घाईत. स्कूटरवरून उतरायच्या आधीच त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. त्यांनी थोरलीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबली, कान लावला, बराच वेळ तसाच ठेवला.

"एकदम चिडीचूप," त्या म्हणाल्या. "इथे कसं सारखं गुडगुडायला पाहिजे. काय घातलंत यांना?"

"काही नाही हो, दोन पाव," नणंद म्हणाली.

"थोडासा भात," शेजारीण म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यात जाऊन ड्रमचं झाकण उचललं, आत बघितलं, आणि सगळ्यांकडे वळल्या. "मका कुणी घातला?"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. लहानपणी काही फुटलं-सांडलं की त्याचा खालचा ओठ आत जायचा, तसा तो गेला. त्याने श्वास घेतला, आणि तो बोलणार एवढ्यात ती म्हणाली, "मी घातला."

आईपण सवयीचं काम आहे. मन जाग्यावर नसलं तरी हात ते करून मोकळे होतात. ती काही ठरवून बोलली नव्हती. मुलाने तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं, आणि गप्प राहिला. तो भित्रा नव्हता, वाईट तर मुळीच नव्हता. पण त्या घडीला सुटका समोर आली आणि त्याने ती घेतली. माणूस घेतो.

"काकू, तुम्ही?" डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या. त्यांनी सोड्याचं पाणी कालवायला सांगितलं आणि थोरलीच्या घशात नळी सरकवता सरकवता मुलाला समजावू लागल्या, कारण विचारत तोच होता.

"हे बघ, शेळी स्वतः पाला पचवत नाही. तिच्या पोटात एक मोठी पिशवी असते, घरात आंबवण आंबवायला ठेवतो ना, तशी. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, मोजता येणार नाहीत इतके. पाला ते खातात आणि शेळी त्यांच्यावर जगते. पाल्यावर जगणारे जीव संथ, धान्यावर जगणारे हावरट. एकदम धान्य पडलं की हावरटांचं फावतं. ते भराभर वाढतात, पोटात आंबट करून टाकतात, आणि त्या आंबटात पाल्याचे जीव मरतात. मग शेळीपुढे हिरवागार माळ ठेवलास तरी उपयोग काय? खाणारी आहे, पचवणारे मेले."

"मग आता?"

"सोड्याने आंबट मरेल. पण मेलेले जीव परत आणायचे तर दुसऱ्या धडधाकट शेळीच्या पोटातून आणायला लागतील. याच माळावर चरणाऱ्या. आमच्या दवाखान्यातल्या शेळ्या पेंडीवर पोसलेल्या. तुमच्या माळावरचा कडू पाला पचवणारे त्यांच्याकडे कुठून असणार?"

याच माळावर दुसरा कळप एकच होता, नवऱ्याच्या चुलतभावाचा. त्याला सगळे बोकडवाला म्हणायचे. त्याचा बोकड एकदा यांच्या कळपात घुसला, त्यावरून दोघा भावांची बाचाबाची झाली, आणि तेव्हापासून एकाने माळाची उगवती बाजू धरली, दुसऱ्याने मावळती. बोकड कधीच मरून गेला, अबोला जिवंत राहिला. भाऊ गेला त्या दिवशी तो आला होता, पण फाटकाबाहेर उभा राहिला आणि आत न येता निघून गेला.

ती डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरवर मागे बसून त्याच्याकडे गेली. काय बोलायचं याचा तिने वाटेत विचार केला नाही.

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या एका शेळीच्या पोटातलं पाणी पाहिजे."

बोकडवाला तिच्याकडे बघतच राहिला. मग डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं, आणि तो कळपातून हिंडून हिंडून एक तांबडी शेळी घेऊन आला. "ही घ्या. हिच्यासारखी पचवणारी दुसरी नाही. परवा माझी टोपी खाल्लीन् आणि ढेकरही दिला नाही." मग म्हणाला, "आमचे आजोबा आजारी शेळीसाठी रवंथ चोरायचे. दुसरी शेळी चघळत असली की गालात बोटं घालून घास काढून घ्यायचे, आणि आजारी शेळीच्या तोंडात कोंबायचे. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा चळलाय."

"तेच करतोय आपण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फक्त मी घासावर भागवत नाही, बाटलीभर नेते."

तांबडीने नळीला कडाडून विरोध केला आणि सगळ्यांच्या अंगावर शिंकली. हिरवट, फेसाळ पाणी कपड्यातून गाळून बाटलीत भरलं. त्याला असा वास होता की बोकडवाल्यानेही नाक धरलं. "काकू, पदराखाली धरा, अंगाशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गार पडलं तर आतले मरतील." तिने बाटली पोटाशी धरली. परतीच्या वाटेवर रस्ता खडबडीत होता, स्कूटर उडत होती, आणि बाटली उबदार होती. ती ऊब तिला लागली. किती दिवसांत तिला लागलेली ही पहिलीच गोष्ट, पण त्याचंही तिला फार काही वाटलं नाही. बाटली सांडू नये एवढंच ती बघत होती.

बाकीच्या शेळ्या सोड्यावरच सावरल्या. थोरलीला ते पाणी पाजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आणून पाजलं. तिसऱ्या सकाळी तिने कुशीला कान लावला, तर आत लांबवर काहीतरी गुरगुरलं. दुपारी थोरलीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि तिचा जबडा आडवा हलू लागला. मुलगा ओरडला, "आई, रवंथ करतेय!" त्याने तिचा हात घट्ट धरला. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने मान हलवली आणि गव्हाण धुवायला घेतली.

घरात एव्हाना वेगळीच चर्चा शिजली होती. नणंद मायाळू होती, पण तिची माया तोंडाने जास्त वाहायची. "सगळा जन्म शेळ्यांत गेला, आणि वहिनीने आपल्या हातांनी त्यांना इतका मका घातला," ती भाच्याला म्हणाली. "डोकं ठिकाणावर नाही तिचं. आज मका ओतला, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल. एकटीला ठेवणार आहेस का तिला?" आलेला-गेलेला हळहळायचा आणि तिच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघायचा. शेवटी ठरलं की कळप दलालाला द्यायचा आणि तिला मुलाने शहरात न्यायचं. दलाल म्हणाला, म्होरकी चालू-फिरू लागली की गाडी आणतो; तिच्याशिवाय बाकीच्या गाडीत चढायच्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला सावरायला पंधरा दिवस दिले होते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं म्हणतात. इथे तर शेळी वाचवायची होती ती गाडीत घालण्यासाठी.

तिला जायचं नव्हतं. बाकी सगळं धुक्यात असलं तरी एवढं तिला स्वच्छ ठाऊक होतं. शहरातलं मुलाचं घर तिने बघितलं होतं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून समोरची खिडकी. पण राहते म्हणायचं तर कशाच्या जोरावर? मका मी घातला नाही, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग सगळ्यांदेखत मुलाचं नाव घ्यायला लागलं असतं. बापाच्या शेळ्या बापाच्या मागोमाग त्याच्या हातून गेल्या, हे त्याने जन्मभर वागवलं असतं. त्यापेक्षा चौथा मजला बरा. तिने तोंडाला कुलूप लावलं.

पंधरा दिवस ती कळपाला हळूहळू माळावर नेत राहिली. आधी नुसतं कुंपणाच्या कडेकडेने, मग वळणापर्यंत, मग झुडपांपर्यंत. पोटातल्या नव्या बिऱ्हाडाला जुनं जेवण थोडंथोडं द्यायचं, घाई करायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मुलगाही रजा वाढवून रोज बरोबर यायचा. ती लेंड्या काठीने मोडून बघायची, कुशीला कान लावायची, कुठल्या शेळीने कुठलं झुडूप सोडलं हे तिला न वळता कळायचं. त्याने एकदा एक पान तोडून चावलं आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकलं. "हे खातात त्या?" तो म्हणाला. त्याला हसू आलं. भान सुटलेली बाई अशी नसते, हे त्याला दिसत होतं. रोज दिसत होतं, आणि रोज रात्री जेवताना त्याची मान आणखी खाली जात होती.

गाडी आली ती सकाळीच. दलालाने मागची फळी खाली सोडली. नणंदेने तिचं सामान बांधून पायरीवर ठेवलं होतं. बोकडवाला आला होता, आणि या वेळी फाटकाच्या आत उभा होता. थोरली पुढे, बाकीच्या तिच्यामागे, अशा शेळ्या अंगणात येऊन थांबल्या.

"छान कळप आहे," दलाल म्हणाला. "दोन गेल्या म्हणे?"

"काय सांगायचं," नणंद म्हणाली, आणि तिने आवाज जरा खाली आणला, पण ऐकू येईल इतकाच. "आमच्या वहिनीला भान राहिलं नाही. आपल्याच हातांनी..."

"आत्या, मका मी ओतला," मुलगा म्हणाला.

मुलगा गाडीकडे गेला, दलालाला म्हणाला, "गाडी परत न्या, काका. शेळ्या द्यायच्या नाहीत." मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा ओठ आत गेला होता.

"दोन बादल्या ओतल्या मी," तो म्हणाला. "तू माझ्यासाठी खोटं बोललीस. तुला कसं कळलं?"

"बघितलं. खिडकीतून."

"ओतताना?"

"हो."

"मग अडवलं का नाहीस, आई? तुला माहीत होतं ना काय होईल ते? एक हाक मारायची होतीस."

तिने उत्तर शोधलं. इतके दिवस तिने स्वतःला हे विचारलंच नव्हतं. मग ते सापडलं, अगदी वरच होतं, आणि ती साध्या आवाजात सांगू लागली.

"शेळ्यांच्या खाण्यावरून ओरडायचे ते हेच. मी कधी ओरडले नाही. तू लहानपणी मूठ जास्त भरलीस तरी हेच ओरडायचे, माळापर्यंत ऐकू येईल असे. तू बादली घेतलीस तेव्हा मला वाटलं, आता हे ओरडतील. मी थांबले. दुसरी घेतलीस, मी म्हटलं, आता ओरडतील." तिचा आवाज फाटला. "ओरडलेच नाहीत रे."

आणि ती अंगणात खाली बसून मोठमोठ्याने रडायला लागली.